क्लब, जिमखाने आणि आपले हळदीकुंकू

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण वाचनाची आवड आहे. तेव्हा मुंबई-पुण्याकडे क्लब व मंडळे कशी निघाली, याविषयी जे वाचले ते थोडक्यात मांडते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

चार माणसांत बसावे ही हौस जुनीच आहे. पुरुषांना पार आणि तालीम. बायकांना पाणवठा, भजन आणि मंगळागौर. पण वर्गणी भरून, नियम करून जमायचे, ही रीत साहेबलोकांनी आणली. मुंबईत १८३३ साली भायखळा क्लब निघाला व १८७५ साली बॉम्बे जिमखाना. तेथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. तो आत जाई तो चाकर म्हणून!

मग आपल्या लोकांनीही जिमखाने काढले. १८८५ साली पारशी जिमखाना झाला, १८९४ साली हिंदू जिमखाना. साहेबाने दार लावले म्हणून हे निघाले खरे, पण त्यांनीही आपापल्या धर्माचे दार लावूनच घेतले. गोऱ्या व हिंदी लोकांनी एकत्र बसावे म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत निराळा क्लब निघाला, तो १९१७ साली.

पुण्याला १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. आपल्या खोखोला लेखी नियम मिळाले ते तेथेच. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडू गेले, त्याची सुरुवातही या जिमखान्याच्या मैदानावरच झाली.

आता बाळू पालवणकरांची गोष्ट ऐका. हे चांभार समाजातले नामांकित गोलंदाज. १९०६ साली हिंदूंनी मुंबईत गोऱ्यांचा पराभव केला, त्या संघात ते होते. पण पुण्याच्या मैदानावर चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात, वेगळा चहा मिळे. चेंडूचा विटाळ नाही, कपाचा मात्र विटाळ! पुढे १९२३ साली त्यांचेच धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले.

आता बायकांकडे वळू. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात महिला सेवा मंडळ काढले आणि १८५२ च्या संक्रांतीला तिळगूळ समारंभ केला. कोणत्याही जातीच्या बाईने यावे, सर्वांची बैठक एकाच जाजमावर राहील, असे आमंत्रणातच होते. बॉम्बे जिमखाना निघण्याच्या तेवीस वर्षे आधीची ही गोष्ट! जे मोठमोठ्या क्लबांना साधले नाही, ते एका जाजमाने साधले.

१८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. त्या वेळी त्यांना नुकतेच वैधव्य आलेले होते. सभांना जातात म्हणून रमाबाई रानड्यांना घरच्या बायकांची बोलणी खावी लागली. पण त्याच रमाबाईंनी पतीच्या निधनानंतर, १९०९ साली, पुण्याचे सेवासदन उभे केले. कितीतरी विधवा भगिनी तेथे शिकून परिचारिका व शिक्षिका झाल्या. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यातच भरले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्षा होत्या.

हा इतिहास वाचताना एक गोष्ट मनाला लागली. ज्या दोघी रमाबाईंनी आपल्याला घराबाहेर येऊन एकत्र बसायला शिकवले, त्या दोघीही विधवा होत्या. आज त्या आपल्या हळदीकुंकवाला आल्या, तर आपण त्यांना कुठे बसवू?

आपल्या मंडळात वर्गणी सर्वांची सारखी. सहलीला, भजनाला सगळ्या बरोबर. परंतु संक्रांतीच्या दिवशी काही भगिनी आपण होऊनच घरी राहतात, नाहीतर आत चहा गाळीत बसतात. त्यांना कोणी ‘येऊ नका’ म्हणत नाही, हे खरे. पण ‘या’ असेही कोणी म्हणत नाही.

ज्येष्ठ भगिनींचा अवमान करण्याचा हेतू नाही. ज्यांना रूढी पाळायची त्यांनी घरी अवश्य पाळावी. पण समारंभ मंडळाचा असेल, तर तिळगूळ, वाण व फूल प्रत्येक सभासद भगिनीला मिळावे, आणि कुंकू ज्या भगिनीला हवे तिला कोणी नाकारू नये. येत्या संक्रांतीच्या आमंत्रणपत्रिकेत ‘सर्व भगिनींनी अगत्य यावे’ असे छापावे व जाजम एकच अंथरावे, अशी माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे.