खिनालुग

खिनालुग : अझरबैजानच्या उत्तर भागातील कुबा जिल्ह्यातले एक डोंगरी गाव आणि त्याच नावाने ओळखला जाणारा छोटा ईशान्य कॉकेशियन समाज. लोकसंख्या सुमारे दोन हजार. अझरबैजानी उच्चार ‘खिनालिग’कडे झुकतो, गावकरी मात्र गावाला ‘केत्श’ आणि स्वतःला ‘केतिद’ म्हणतात. मोठ्या कॉकेशस रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मी. उंचीवर, कॅस्पियनला मिळणाऱ्या गुद्यालचाय नदीच्या वरच्या खोऱ्यात एका टेकडीच्या उतारावर हे गाव वसले आहे. वायव्येस शाहदाग (४,२४३ मी.) हे शिखर असून रांगेपलीकडे रशियातील दागेस्तान आहे. कुबा या जिल्ह्याच्या ठिकाणापासून गाव रस्त्याने सुमारे ५५ किमी. नैर्ऋत्येस पडते. हा रस्ता २००६ मध्ये डांबरी झाला. त्यापूर्वी हिवाळ्यात बर्फ पडले, की गावाचा खालच्या जगाशी संबंध कित्येक दिवस तुटत असे. आजही मोठ्या हिमवर्षावात वाहतूक बेभरवशाचीच असते.

घरे दगडाची, जाड भिंतींची आणि माळवदाची. उतारावर ती एकावर एक अशा पायऱ्यांनी चढत गेली आहेत. खालच्या घराचे माळवद हेच वरच्या घराचे अंगण. धान्य आणि लोकर वाळवणे, पोरांचे खेळणे, बायामाणसांचे बसणे-बोलणे सारे त्या छपरांवर चालते. माळवदातल्या झरोक्यातून खाली उजेड येतो आणि धूर बाहेर जातो. या उंचीवर झाडे जवळजवळ नाहीत, त्यामुळे तुळयांसाठी लागणारे लाकूड खालून आणावे लागे, आणि जुन्या घराची तुळई सहसा कोणी वाया घालवत नसे. माळवदाची माती वरचेवर चोपून नीट करावी लागते. या कामाला कंटाळून अनेकांनी पत्रे टाकले आहेत. छायाचित्रकारांना ते खटकतात. गळक्या छपराखाली राहणाऱ्याला पत्रा बरा वाटला, तर त्याला दोष देता येत नाही.

लाकडाच्या टंचाईमुळे जळण म्हणजे ‘तेझेक’. हिवाळाभर गोठ्यात गुराढोरांच्या पायांखाली तुडवून घट्ट झालेला शेणा-लेंड्यांचा थर वसंतात फावड्याने चौकोनी तुकड्यांत कापून काढतात, उन्हाला लावतात आणि वाळल्यावर घराशेजारी रचून ठेवतात. आपल्याकडे गोवरी थापतात, तिथे ती कापून काढतात, एवढाच काय तो फरक. घरासमोरची ही रास पाहिली, की त्या कुटुंबाकडे जनावरे किती आणि हिवाळ्याची तयारी कितपत झाली, याचा अंदाज येतो.

शेती उतारावरच्या पायऱ्यांवर थोडीफार होते. गावाची खरी मत्ता मेंढ्या. उन्हाळ्यात कळप गावाभोवतीच्या उंच कुरणांत असतात. शरद ऋतूत ते डोंगर उतरून मध्य अझरबैजानच्या सखल, कोरड्या माळांवर जातात. गोबुस्तान आणि हाजिगाबुल या बाजूंना हिवाळा काढतात आणि वसंत सरता सरता परततात. ‘क्योच योलू’ या नावाने ओळखली जाणारी ही वाट सुमारे २०० किमी. लांब आहे. वाटेत मुक्कामाच्या जागा, पाणवठे, पूल आणि थडगी ठरलेली आहेत, आणि कोणत्या कुटुंबाने कोठे चारायचे याचे संकेतही जुने आहेत. काही कळप आता ट्रकमधून नेले जातात. लोकर घरीच विणली जाते. खिनालुगच्या लोकरी शाली आणि मोजे या भागात प्रसिद्ध आहेत. मटण स्वतःच्याच चरबीत परतून हिवाळ्यासाठी साठवण्याची पद्धत आहे.

अझरबैजान सरकारने २००७ मध्ये गाव व परिसर संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने ‘खिनालिग लोकांचा सांस्कृतिक भूप्रदेश आणि क्योच योलू’ या नावाने त्याची जागतिक वारसा यादीत नोंद केली. एकट्या गावाऐवजी वाटेसकट सारा प्रदेश यादीत घेतला, हे योग्यच झाले. कारण वाट वगळली, तर खिनालुगचे अर्धे वर्ष वगळल्यासारखे होते.

गावाच्या उगमाविषयी ठाम असे फार थोडे सांगता येते. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत पाच हजार वर्षांचा आकडा सर्रास आढळतो. पण तो पुराव्यापेक्षा अभिमानाचाच अधिक आहे. आपण नूहचे, म्हणजे प्रलयातून वाचलेल्या नोहाचे वंशज आहोत, अशी गावकऱ्यांची आख्यायिका आहे. दुसऱ्या एका आख्यायिकेनुसार मूळ गाव समोरच्या डोंगरावर होते आणि भूकंपात नष्ट झाल्यावर लोक आताच्या जागी आले. अठराव्या शतकात हा मुलूख कुबाच्या खानांच्या ताब्यात होता. १८१३ च्या गुलिस्तान तहानंतर रशियाचा त्यावरील अंमल पक्का झाला. लोक सुन्नी मुसलमान आहेत. गावाच्या अगदी वरच्या टोकाला जुमा मशीद असून आजूबाजूच्या उतारांवर अरबी लिपीतील कोरीव दगडांची जुनी कबरस्ताने दूरवर पसरली आहेत. जमिनीतून निघणाऱ्या वायूमुळे सतत तेवणारी ज्योत जवळच्या डोंगरात असून तिला ‘आतेशगाह’ म्हणतात.

खिनालुगचे विद्वानांमधले नाव मात्र मेंढ्या-माळवदांमुळे झालेले नाही. ते झाले भाषेमुळे. ईशान्य कॉकेशियन (नाख-दागेस्तानी) कुलात सुमारे तीस भाषा मोडतात. शेजारच्या क्रिझ आणि बुदुख या गावांच्या भाषा त्यातील लेझगी शाखेच्या आहेत. त्यांच्याशी असलेल्या सान्निध्यामुळे खिनालुगही पूर्वी त्याच गटात धरली जाई. बारकाईने पाहिल्यावर ते साम्य मुख्यतः शेजाराचे निघाले, आणि आज बहुतेक अभ्यासक खिनालुगला कुलातील स्वतंत्र शाखा मानतात. एका गावाची भाषा हीच एक शाखा, असा हा प्रकार आहे. चेचेन भाषाशास्त्रज्ञ युनुस देशेरियेव्ह यांचे व्याकरण १९५९ मध्ये आले. किब्रिक, कोद्झासोव्ह आणि ओलोव्यान्निकोवा यांचा अधिक काटेकोर अभ्यास मॉस्कोहून १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. फाइदा गानियेवा यांचा खिनालुग-रशियन कोश २००२ चा आहे.

ध्वनींमध्ये व्यंजनांची गर्दी आहे. जिभेचे मूळ पडजिभेला टेकवून काढायचे आवाज आहेत. शिवाय स्वरयंत्राचे दार बंद ठेवून, वर अडकलेली हवा दाबून फट्‌दिशी सोडायची व्यंजनेही आहेत. मराठी माणसाला ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक सहज ऐकू येतो, पण या तिसऱ्या ‘क’साठी त्याचा कान नव्याने तयार करावा लागतो. व्याकरणाच्या एका अंगात मात्र मराठी वाचक इंग्रजी वाचकापेक्षा सुखात असतो. ‘आईने भाकरी भाजली’, ‘आईने पापड भाजला’ या वाक्यांत क्रियापद आईकडे न पाहता भाजलेल्या वस्तूकडे पाहते. मराठीत हे भूतकाळासारख्या ठरावीक रूपांपुरते चालते. खिनालुगमध्ये सकर्मक वाक्याची मूळ घडणच ही आहे. नामांचे वर्ग चार : पुरुष, स्त्रिया, प्राणी व काही वस्तू, आणि उरलेले सारे. क्रियापदातील वर्गदर्शक खुणा त्यांनुसार बदलतात. ‘मला दिसते’, ‘मला हवे’ यांसारख्या अनुभवाच्या वाक्यांत अनुभवणारा चतुर्थीसारख्या विभक्तीत जातो, हेही आपल्याला ओळखीचे. स्थळ दाखवणाऱ्या विभक्तींचा भरणा मात्र मराठीपेक्षा बराच मोठा आहे.

डोंगरांनी जगापासून तोडल्यामुळे ही भाषा टिकली, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. ते अपुरे आहे. वर्षाचा मोठा भाग दोनशे किलोमीटर खाली, अझरबैजानी बोलणाऱ्यांच्या मुलखात काढणारा समाज तुटलेला कसा म्हणावा? कळपांबरोबर उतरणाऱ्यांना बाजारात, कुरणांच्या सौद्यांत आणि सरकारदरबारी खालची भाषा यावीच लागे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या येत होती; खिनालुगच्या शब्दसंग्रहातील अझरबैजानी, फार्सी आणि अरबी शब्द याची साक्ष देतात. कॉकेशसमध्ये ही रीत जुनी आहे : वरचे लोक खालच्यांची भाषा शिकतात, खालचे वरच्यांची शिकत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ जोहाना निकल्स यांनी या उभ्या द्विभाषिकतेची नीट मांडणी केली आहे. तरीही घरातली भाषा खिनालुगच राहिली, कारण लग्ने बहुधा गावातल्या गावात होत आणि हिवाळा संपला, की माणसे परत वर येत. धोका दुसऱ्या भाषेमुळे आला नाही. तो परतणे थांबल्यामुळे आला. सोव्हिएत काळापासून अनेक कुटुंबे कुबा, बाकू आणि सखल भागातील वस्त्यांमध्ये कायमची स्थायिक झाली. तिथे वाढणारी मुले शाळेत, गल्लीत आणि पुढे घरातही अझरबैजानीच बोलतात; आजी-आजोबांची भाषा त्यांना समजते, पण बोलता येतेच असे नाही.

गावातले चित्र वेगळे आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समाजभाषिक पाहणीत मुले शाळेत जाईपर्यंत खिनालुगमध्येच वाढतात आणि प्रौढ मात्र सर्व द्विभाषिक आहेत, असे आढळले. त्याच डोंगरांतल्या बुदुखची अवस्था याहून कितीतरी बिकट आहे. ती बोलणारे मुख्यतः वयस्कर लोकच उरले आहेत. खिनालुगला संकटग्रस्त भाषांच्या यादीत टाकताना हा फरक ध्यानात घ्यायला हवा. येथे भाषेचे आयुष्य गावात माणसे किती राहतात यावर ठरणार आहे. त्या दृष्टीने २००६ चा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो : त्यावरून कुटुंबे खाली जातात आणि पर्यटक वर येतात. घरातली एखादी खोली पाहुण्यांना भाड्याने देऊन काही तरुण कुटुंबे गावात टिकली आहेत. पाहुण्यांशी बोलणे अर्थातच अझरबैजानी किंवा रशियनमध्ये होते.

लेखनाची परंपरा अलीकडची आहे. गावातील शिक्षक-कवी रहीम अल्खास यांनी खिनालुगमध्ये कविता लिहिल्या आणि सिरिलिक अक्षरे तिच्या ध्वनींना बसवण्याचा प्रयत्न केला. अझरबैजानीने लॅटिन लिपी स्वीकारल्यानंतर सिरिलिक मुलांना परकी झाली. २००७ मध्ये मॉस्को विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांसह लॅटिन वर्णमाला तयार केली. शाळेत अझरबैजानी वाचायला शिकलेल्या मुलाला तिच्यातील बहुतेक अक्षरे आधीच माहीत असतात. शाळेचे माध्यम मात्र अझरबैजानीच आहे.