ऑर्ता, गार्सिया द
(सु. १५०१–१५६८). भारतातील औषधी वनस्पतींचे प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे सविस्तर वर्णन करणारा आद्य यूरोपीय निसर्गवैज्ञानिक व वैद्य. जन्माने तो पोर्तुगीज असला, तरी त्याच्या आयुष्याची अखेरची चौतीस वर्षे मुख्यतः गोवा व कोकण या भागांत गेली आणि त्याचे सर्व संशोधनकार्य येथेच झाले.

पूर्वपीठिका : कोकणातील निसर्गाविषयी यूरोपीय प्रवाशांनी त्यापूर्वीही लिहिले होते. पोर्देनोनेचा ओदोरिक हा इटालियन फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक सु. १३२२ मध्ये ठाण्यास आला होता. येथील वटवाघळे पारव्याएवढी व उंदीर कुत्र्याएवढे असून हे उंदीर मांजरांना आवरत नाहीत, असे त्याने नमूद केले आहे. हे उंदीर म्हणजे आपल्या परिचयाची घूस असावी. अशा नोंदींचा हेतू नवलाईचे कथन हा होता. वस्तूची परीक्षा हा नव्हता. सोळाव्या शतकात इटलीमध्ये वनस्पतींच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. पाद्वा येथील विद्यापीठाचे वनस्पतिउद्यान १५४५ मध्ये स्थापन झाले व मात्तिओलीने डायॉस्कॉरिडीझ या ग्रीक वैद्याच्या ग्रंथावर विस्तृत भाष्य लिहिले. परंतु भारतीय औषधद्रव्ये या पंडितांपर्यंत वाळलेल्या स्वरूपात व व्यापाऱ्यांच्या सांगीवांगीसह पोहोचत. ज्या झाडांवर ती येत, ती झाडे त्यांनी पाहिलेली नव्हती. ही उणीव ऑर्ताने भरून काढली.

जीवन : ऑर्ताचा जन्म पोर्तुगालमधील कॅश्तेलू द व्हीद या गावी झाला. १४९२ मध्ये स्पेनमधून घालवून दिलेल्या व पुढे सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलेल्या ज्यू समाजातील हे कुटुंब होते. स्पेनमधील सालामांका व अल्काला या विद्यापीठांत त्याचे शिक्षण झाले. काही काळ लिस्बन विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर १५३४ च्या मार्चमध्ये मार्तीं आफोंसो द सोझा या नौदलप्रमुखाचा वैद्य म्हणून तो भारताकडे निघाला व त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचला. वर्षअखेरीस गुजरातच्या बहादुरशाहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. सोझाच्या मोहिमांमुळे ऑर्ताला पश्चिम किनारा जवळून पाहता आला. पुढे गोव्यात स्थायिक होऊन त्याने वैद्यकी व व्यापार केला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी त्याचा स्नेह होता. त्या दरबारातील हकीमांशी झालेल्या चर्चांमुळे अरबी व इराणी वैद्यकाची त्याला चांगली ओळख झाली. सु. १५५४ मध्ये वसईच्या अमलाखालील मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. तेथील आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा, नाताळच्या सुमारास व मे महिन्याच्या अखेरीस, फळे येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे.

ग्रंथ : भारतातील वनौषधी व औषधद्रव्ये यांवरील संवाद हा ऑर्ताचा पोर्तुगीज ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. मुद्रणकला गोव्यात येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. विख्यात पोर्तुगीज कवी कामॉइंश याची छापून प्रसिद्ध झालेली पहिली कविता याच ग्रंथात आहे. ऑर्ता आणि रुआनो नावाचा कल्पित स्पॅनिश वैद्य यांच्यातील प्रश्नोत्तरे, असे ग्रंथाचे स्वरूप आहे. रुआनो पदोपदी ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो, तर ऑर्ता बागेतून ती वनस्पती मागवून त्याच्यापुढे ठेवतो. स्पेनमध्ये असतो तर गेलेनविरुद्ध बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नसते, अशी कबुलीही त्याने दिली आहे.

दालचिनीविषयीच्या प्राचीन दंतकथा त्याने खोडून काढल्या. चिंचेच्या अरबी नावाचा अर्थ ‘हिंदी खजूर’ असा असला, तरी चिंच हे खजुराच्या जातीचे झाड नव्हे, हे त्याने दाखविले. बोर्निओचा व चीनचा कापूर यांतील भेदही त्याने सांगितला. आंबा, फणस, जांभूळ, करवंद, विड्याचे पान, भांग व धोतरा यांची वर्णने त्यात असून शक्य तेथे स्थानिक नावे दिली आहेत. पटकीच्या वर्णनात क्षीण झालेली नाडी, थंड घाम, खोल गेलेले डोळे, तीव्र तहान व पायांत येणारे गोळे ही लक्षणे त्याने नोंदविली आहेत. या रोगाचे त्याने दिलेले देशी नाव म्हणजे आपल्याकडील ‘मोडशी’ होय. वसई परिसराच्या वर्णनात जमीन कसणारे कुणबी, बागायती करणारे माळी, वसुली पाहणारे प्रभू आणि पारशी यांचे उल्लेख आहेत. साष्टी बेटावरील लेणी व घारापुरी यांविषयीही त्याने लिहिले आहे.

मूल्यमापन : ऑर्ताच्या पद्धतीला मर्यादा होत्या. संस्कृत वैद्यकग्रंथांचा त्याने अभ्यास केला नाही व हिंदू वैद्यांचे ज्ञान त्याला केवळ अनुभवजन्य वाटले. काळी व पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींवर येतात, हे त्याचे मतही चुकीचे होते. तथापि वैद्य, माळी, व्यापारी व घरातील दासी यांनी दिलेली माहिती तो पंडितांच्या वचनांइतकीच तपासण्याजोगी मानतो, हे त्याचे वेगळेपण होय. ज्याच्याकडून माहिती मिळाली, त्याचा निर्देशही तो बहुधा करतो. त्यामुळे हा ग्रंथ एका यूरोपीय वैद्याचा असला, तरी त्यात सोळाव्या शतकातील कोकणच्या लोकांचे वनस्पतिज्ञान जतन झाले आहे.

कारॉलस क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेली ग्रंथाची संक्षिप्त लॅटिन आवृत्ती १५६७ मध्ये अँटवर्प येथे निघाली. १५७६ पर्यंत व्हेनिसमध्ये तिचे इटालियन भाषांतरही झाले व हे ज्ञान यूरोपभर पसरले.

मरणोत्तर कारवाई : १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायपीठ (इन्क्विझिशन) स्थापन झाले होते. ऑर्ता १५६८ मध्ये गोव्यात मरण पावला. पुढील वर्षी ज्यू धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून त्याची बहीण कातारीना हिला जिवंत जाळण्यात आले. डिसेंबर १५८० मध्ये त्याच आरोपाखाली खुद्द ऑर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. ज्या वर्षांत यूरोपातील विद्यापीठांत त्याचा ग्रंथ प्रमाण मानला जाऊ लागला, त्याच वर्षांत त्याच्या कर्मभूमीत त्याचे नाव दंडित ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काउंट फिकाल्यु याने लिहिलेले चरित्र व काढलेली ग्रंथाची सटीप आवृत्ती यांमुळे त्याचे कार्य पुन्हा प्रकाशात आले. मार्कम याचे इंग्रजी भाषांतर १९१३ मध्ये निघाले. पणजी येथील नगरोद्यानाला ऑर्ताचे नाव देण्यात आले आहे.