फातिमा : एक नाव, अनेक उच्चार

आमच्या डोंगरकड्यात एकाच मुलीची तीन नावे सापडतात. घरात ‘फात्मा’, दाखल्यावर ‘फातेमा’, आधार कार्डावर ‘फातिमा’. अशाच फरकामुळे माझ्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला, तेव्हा मी या नावाचा माग काढायला बसले.

अरबीत ‘फ-त-म’ या धातूचा अर्थ बाळाचे दूध तोडणे. फातिमा म्हणजे दूध तोडणारी. हे नाव इस्लामच्या आधीचे. हजरत अली (रजि.) यांच्या आईचे नावही फातिमा बिंत असद होते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या लाडक्या कन्येमुळे मात्र ते जगभर गेले. इराणात ‘फातेमे’ झाले, तुर्कस्तानात ‘फात्मा’, बंगालात ‘फातेमा’, पश्चिम आफ्रिकेत ‘फातुमाता’ आणि लाडाने ‘फातू’. पोर्तुगालातल्या एका गावाचे नावही हेच. तिथे 1917 साली तीन मेंढपाळ मुलांना मरियमचे दर्शन झाले, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. त्यामुळे गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही फातिमा भेटते.

मग चूक कोणाची? खरे तर कोणाचीच नाही. उर्दूत हे नाव फे, अलिफ, तोए, मीम, हे असे लिहितात. मधला ऱ्हस्व स्वर लिहिलाच जात नाही. फातिमा म्हणा, फातेमा म्हणा की फात्मा, अक्षरे तीच. अरबीतला जड ‘तोए’ही आपल्या जिभेवर साधा ‘त’ होतो. देवनागरीला आणि इंग्रजीला मात्र स्वर लिहावाच लागतो. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत होता. 1948 नंतर मराठवाड्यात कागद मराठीत आले, पुढे इंग्रजीही आली. लिहिणाऱ्याने जे ऐकले, ते कागदावर उतरले.

नाव नीट नोंदले न जाण्याची किंमत मोठी असते. सावित्रीबाई फुले यांनी 10 ऑक्टोबर 1856 रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सहकारी शिक्षिकेचा उल्लेख आहे, पण फक्त ‘फातिमा’ एवढाच. आडनाव नाही, गाव नाही. आपण तिला फातिमा शेख म्हणून ओळखतो. 2025 च्या जानेवारीत मात्र ही बाई होऊन गेली की नाही, यावरच वाद पेटला. तेव्हा त्या पत्रातल्या एका शब्दाचा आधार किती मोलाचा ठरला!

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. घरात मुलीला फात्मा म्हणा, फत्तो म्हणा, त्यात प्रेमच आहे. पण जन्मनोंदीच्या दिवशी तीनही लिप्यांतले नाव कागदावर लिहून न्या आणि पुढे तेच ठेवा. बाळाचे दूध तोडले की ते स्वतःच्या पायावर उभे राहू लागते. आपल्या फातिमांनाही उद्या स्वतःच्या नावावर उभे राहायचे आहे.