एक सुलट, एक उलट : विणीच्या नमुन्यांचा प्रवास

मराठी घरात बाळंतविडा म्हटला की टोपडे, झबले, दुपटे आणि त्यांच्या जोडीला लोकरीचे पायमोजे नि इवलासा स्वेटर हे आलेच. हे सारे इतके घरचे झाले आहे की सुयांवरचे विणकाम पणजीच्याही पणजीपासून चालत आले असावे, असेच वाटते. मलाही बरीच वर्षे तसे वाटत होते. विणता विणता या कलेचा इतिहास वाचायचा नाद लागला आणि कळले की गोष्ट वेगळी आहे. हातमागावरचे विणणे आपल्याकडे हजारो वर्षांचे. सुयांवरचे विणणे मात्र आपल्या देशात मुख्यत्वे युरोपियनांबरोबर आले. मराठीत दोन्हींना ‘विणणे’ हा एकच शब्द असल्यामुळे आपली गफलत होते. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात. स्वेटरला धागा एकच. त्याच्या फाशातून दुसरा फासा काढत जायचे, एवढेच त्याचे गमक.

या पद्धतीचे सर्वांत जुने नमुने सापडले ते इजिप्तमध्ये. साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे मोजे आणि त्यांचे तुकडे आज जगातल्या वस्तुसंग्रहालयांत जपलेले आहेत. त्यांवरची नक्षी पाहिली की पहिल्याच प्रयत्नात कोणी हे केले असेल, असे वाटत नाही. म्हणजे त्याआधीही बरेच हात या कामावर फिरले असणार. तेथून ही कला युरोपात गेली. सुमारे १४०० सालच्या एका जर्मन चित्रात तर मेरी चार सुयांवर येशूचा अंगरखा विणताना दाखवली आहे. गोल विणायचे असले की सगळे टाके सुलट घालून भागते. उलट टाक्याचा तारीख ठाऊक असलेला एक जुना पुरावा थेट १५६२ सालचा. त्या वर्षी वारलेल्या फ्लॉरेन्सच्या एलेओनोरा दे तोलेदो हिच्या पायांतल्या रेशमी मोज्यांत तो सापडला. पुढे १५८९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्रही काढले. आपण ज्याला आजीचे काम म्हणतो, त्याला यंत्राची स्पर्धा चारशे वर्षांपासून आहे!

तरीही हातातल्या सुया राहिल्या. त्या कशा राहिल्या, याचे उत्तर मला नमुन्यांच्या प्रवासात मिळते.

कित्येक शतके नमुना कागदावर नव्हताच. तो एका हातातून दुसऱ्या हातात जाई. शेजारणीचा मोजा मागून आणायचा, टाके मोजायचे, अडले की तिच्या ओट्यावर जाऊन बसायचे. १८४० मध्ये एडिंबरो येथील जेन गोगेन या बाईंनी विणकामाचे पुस्तक छापले. त्यांचे लोकरीचे दुकान होते. गिऱ्हाईक बायका येऊन पुन्हा पुन्हा तेच विचारणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी लांबलचक वर्णनांऐवजी टाक्यांच्या संक्षिप्त खुणा वापरल्या. पुस्तक खूप खपले, पाठोपाठ इतरांचीही निघाली. मात्र प्रत्येकीच्या खुणा निराळ्या. आजही सुयांच्या आकड्यांत तोच घोळ आहे. आपल्याकडे इंग्लंडची पद्धत आली. तिच्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत आकडा वाढला की सुई जाड होते. इंग्रजी आठ नंबरची सुई चार मिलिमीटरची, अमेरिकन आठ नंबरची पाच मिलिमीटरची. परदेशातल्या मुलीने हौसेने पाठवलेला नमुना इथे भलत्याच मापाचा होतो, तो यामुळे. म्हणून नमुन्यात मिलिमीटर दिले आहेत का, ते आधी पाहावे. जपानने यावर छान तोड काढली. तिथे टाक्यांच्या चिन्हांना राष्ट्रीय प्रमाणच ठरवून दिलेले आहे. जपानी अक्षरही न ओळखणारी बाई त्या चौकटी पाहून स्वेटर विणू शकते.

छापील नमुन्याने खरी परीक्षा दिली ती पहिल्या महायुद्धात (१९१४–१८). ब्रिटन-अमेरिकेत सैनिकांसाठी मोजे, मफलर, कानटोप्या विणायची मोहीमच निघाली. रेडक्रॉसने नमुन्यांची पत्रके काढली. ज्यांनी कधी सुई धरली नव्हती त्यांना शेजारणींनी शिकवले. खंदकात पाय ओले राहून सडत, तिथे कोरड्या मोज्यांची किंमत काय असेल ते सांगायला नको. टाच चुकीची वळली तर तिकडे कोणाच्या तरी पायाला फोड येणार होता. नमुना नीट समजावून सांगणे हे त्या दिवसांत नुसते हौसेचे काम उरले नव्हते.

छापील नमुन्याचा दुसरा दोष असा की बाई त्याची ताबेदार होते. ‘अमुक नंबरची सुई, अमुक लोकर, ११२ टाके’ असे लिहिलेले असते. लोकर जरा वेगळी मिळाली की सगळे गणित कोसळते. यावर उपाय सांगितला एलिझाबेथ झिमरमन यांनी. जन्म १९१० चा, इंग्लंडमधला. लग्नानंतर त्या १९३७ मध्ये अमेरिकेत गेल्या, म्हणजे आपल्यासारख्याच घर सोडून परमुलखात स्थायिक झालेल्या. त्या स्वेटर गोल विणत. १९५० च्या दशकात एका मासिकाने त्यांचा नमुना घेतला आणि सूचना परस्पर बदलून सुट्या तुकड्यांच्या करून छापल्या. तेव्हा १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचेच छोटे पत्रक काढून टपालाने पाठवायला सुरुवात केली. पुढे दूरचित्रवाणीवर शिकवले, १९७१ मध्ये पुस्तक लिहिले, १९७४ पासून विणकरणींचे शिबिर भरवले. आपण काही नवे शोधले असे त्या म्हणत नसत. कोणीतरी कधीतरी हे केलेच असणार, आपण ते पुन्हा उकरून काढले, अशी त्यांची भूमिका.

त्यांची रीत मी आवर्जून सांगते, कारण ती वापरून पाहता येते. आधी थोडे विणून इंचाला किती टाके बसतात ते मोजावे. समजा ५ बसले आणि स्वेटरचा घेर ४० इंच हवा आहे. म्हणजे अंगाचे टाके २००. हे झाले शंभर टक्के. मनगटाला त्याच्या २० टक्के, म्हणजे ४०. दंडाला साधारण ३३ टक्के, म्हणजे ६६. गळ्याला ४० टक्के, म्हणजे ८०. लोकर जाड असो की बारीक, माणूस केवढाही असो, हे प्रमाण बहुतेक जुळते. नमुन्याचा कागद हरवला तरी स्वेटर अडत नाही.

त्याच सुमारास बार्बरा वॉकर यांनी विणींचे कोश रचले. पहिला १९६८ चा, दुसरा १९७० चा. दुसऱ्यात इतर विणकरणींनी पाठवलेल्या विणी त्यांच्या नावांसह छापल्या आहेत. मला हे फार मोलाचे वाटते. एरवी शेकडो वर्षांत विणी काढणाऱ्या बायकांची नावे कुठे राहिली?

आता आपल्या देशाकडे येऊ. १८५० च्या दशकात मोरावियन मिशनरी लाहौलमधल्या केलाँगला आले. लाहौली बायकांच्या रंगीत मोज्यांची परंपरा त्यांच्या शिकवण्यातून सुरू झाली असे मानतात. आज त्या मोज्यांना भौगोलिक मानांकन आहे. मैदानी मुलखात मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवण-विणकाम शिकवले जाई. १८७६ मध्ये कानपूरची ‘लाल इमली’ निघाली, १८८० मध्ये पंजाबातली धारीवालची गिरणी, आणि लोकर बाजारात आली.

मात्र आपल्यापैकी बहुतेकींच्या घरात विणकाम आले ते शेजारून. रेल्वे, दारूगोळा कारखाने, केंद्र सरकारची कार्यालये यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे उत्तरेत आली. कोकणातून किंवा देशावरून आलेल्या बाईला दिल्ली-जबलपूरची थंडी काय ठाऊक? सरकारी वसाहतींत दुपारच्या उन्हात पंजाबी शेजारीण बाजेवर बसून विणत असे. ‘भाभीजी, ये कैसे किया?’ इतक्या हिंदीवर काम भागे. टाक्याचा ‘फंदा’ झाला, सुईची ‘सलाई’ झाली आणि घरी परत ‘एक सुलट, एक उलट’. हिंदी मासिकांचे ‘बुनाई विशेषांक’ घरोघर फिरत. त्यांतली वीण कोणी वहीत उतरवून घेई, कोणी वीतभर तुकडा विणून डब्यात जपून ठेवी. चकली-अनारशांच्या बदल्यात जाळीची वीण, असा तो व्यवहार. ही ओळख पुढे अडीअडचणीलाही उपयोगी पडे.

लुधियानाचे तयार स्वेटर स्वस्त झाले आणि दुपारच्या त्या बैठका ओसरल्या. स्वेटर आता विकत मिळतो, त्याची चिंता नाही. काळजी वाटते ती वह्यांची. त्यांत निम्मे मराठी, निम्मे हिंदी शब्द आहेत आणि खुणा ज्या त्या बाईच्या स्वतःच्या. ‘इथे कमलाचे विचारणे’ असे लिहिले असेल, तर ती कमला कोण, हे सांगणारी व्यक्ती आज ऐंशीच्या घरात आहे. तिने वाचून दाखवले नाही तर ती वही म्हणजे न उलगडणारी लिपी. जुन्या मोज्यांसाठी संशोधक आहेत. आपल्या मावशी-काकूंच्या वह्यांसाठी आपणच आहोत.

म्हणून एक विनंती. यंदा गौरीच्या हळदीकुंकवाला येताना घरातली अशी वही किंवा विणीचे तुकडे पिशवीत टाकून आणा. ज्येष्ठ भगिनींना सोबत आणा. त्या सांगतील, आपण लिहून घेऊ, आणि प्रत्येक विणीखाली ती कोणाकडून आली तिचे नाव घालू, मग ती शेजारची बलजीत असो की मिश्राबहेनजी. पेन्सिल आणि वही मी आणीन. सुया ज्याच्या त्याने आणाव्यात. पुरुषांनाही मज्जाव नाही.

गणपती बाप्पा मोरया!