काडी कोणाच्या हातात

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये दिवाळी होऊन गेली, घरात पाहुणे होते, आणि खरं सांगायचं तर लिहावंसं काही सापडतच नव्हतं. ते सापडलं आमच्या जामच्या चौरस्त्यावर, चहा पिता पिता.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: जाम म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, समुद्रपूर तालुक्यातलं गाव. नागपूरहून हैदराबादकडे निघालात की लागतं आणि इथूनच चंद्रपूरचा फाटा फुटतो. बहुतेकांना ते गाडी थांबते म्हणून माहीत. आम्हाला गाव म्हणून माहीत.

तर भाचा आला होता पुण्याहून. सॉफ्टवेअरवाला. त्याच्या कंपनीत आता मीटिंग संपली की कॉम्प्युटरच सांगतो, कोण किती बोललं. त्यानं मोबाईलवर दाखवलं. रंगीत पट्ट्या. सर्वांत लांब पट्टी साहेबांची, निम्म्याहून जास्त. याची शोधावी लागली.

"चार टक्के, मामा."

"मग आता जास्त बोलशील?"

"छे. साहेब थोडे कमी बोलायला लागलेत. बाकी आम्ही होतो तसेच."

मला गंमत वाटली, कारण हे असंच होतं हे वीसेक वर्षांपूर्वीच कुणीतरी पाहून ठेवलंय. २००४ साली अमेरिकेत, एमआयटीमध्ये, जोन डिमिको आणि तिच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला होता. चर्चेला बसलेल्या लोकांसमोर भिंतीवर पट्ट्या दाखवायच्या, जो बोलेल त्याची पट्टी चर्चा चालू असतानाच वाढायची. जास्त बोलणारे आपली पट्टी पाहून आवरते झाले. पण गप्प बसणारे काही बोलते झाले नाहीत. चारचौघांत आपली पट्टी आखूड आहे हे कळल्यानं जीभ सुटत नाही, उलट आणखी आत जाते. शाळेत ज्यांना मास्तरांनी "तू का बोलत नाहीस रे?" म्हणून उभं केलंय, त्यांना हे सांगायला प्रयोग लागत नाही.

आणि मला आठवली माझी मामी.

१९९५चा उन्हाळा. मी कॉलेजात होतो, सुट्टीत आजोळी गेलेलो. आजोळ आमच्याच तालुक्यातलं, गावाचं नाव सांगत नाही, पुढे कळेल का ते. एका संस्थेचे दोघं जण आले. मारुतीच्या देवळापुढची जागा झाडून घेतली आणि म्हणाले, गावाचा नकाशा काढा. कागद नाही, पेन्सिल नाही. चुन्याची फक्की, विटकर, राख, पळसाची पानं, पसाभर चिंचोके आणि एक तुराटीची काडी.

काडी अर्थातच आधी मोठ्या माणसांच्या हातात गेली. रस्ता निघाला, देऊळ निघालं, चावडी निघाली, ज्यांच्या हातात काडी त्यांचे वाडे ऐसपैस निघाले. रेघा मात्र वाकड्यातिकड्या! बायका मागे ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि पदराआड हसत होत्या. रोज पहाटे सडा घालून रांगोळी काढणाऱ्या बायका त्या. जमिनीवर सरळ रेघ कशी ओढतात हे त्या गावात फक्त त्यांनाच येत होतं, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग त्या संस्थेच्या माणसानं एक साधी गोष्ट केली. काडी मागून घेतली, बायकांच्या बाजूला ठेवून दिली आणि स्वतः दूर जाऊन बसला. कुणालाही "तुम्ही बोला" म्हटलं नाही. पाचेक मिनिटं काहीच झालं नाही. मग मामी पुढे आली. या मामीला मी घरातही चार माणसांत बोलताना ऐकलं नव्हतं. ती खाली बसली, नकाशावरच्या विहिरीत कोळसा ठेवला आणि जमिनीकडे बघतच म्हणाली, "थ्या विहिरीत मार्चानंतर बाल्टी बुडत नाही, भाऊ."

"मग पाणी कुठून आणता?"

"नाल्यात झिरा खोदतो."

आणि तिनं राखेची रेघ ओढायला घेतली. विहिरीपासून, आखराच्या बाजूनं, मसणवटीच्या मागून, नाल्यापर्यंत. नकाशा संपला तरी तिची रेघ संपेना. समोर पुरुष बसले होते. ती तशीच ओणव्यानं पुढे सरकत गेली. झिऱ्यापाशी तिनं चिंचोके ठेवले. एका खेपेला एक. दुसरी बाई म्हणाली, "आमच्या घरचे दोन जास्त टाक, म्हशी हायत." तिसरी म्हणाली, झिरा तिथं नाही, वळणाच्या खाली आहे, आणि स्वतःच तो पुसून खाली काढला. दहा मिनिटांत सगळ्या बोलत होत्या. एकमेकींशी, भांडत, बोटानं दाखवत.

पट्ट्यांत आणि या नकाशात काय फरक, हे मला त्या चहाच्या टपरीवर उमगलं. पट्टी तुमच्याविषयी बोलते, आणि नकाशा विहिरीविषयी. मामीला स्वतःविषयी काही सांगायचं नव्हतंच. पण विहीर चुकीची दाखवलेली तिला बघवेना!

ही नकाशाची रीत कुठून आली हे मी नंतर शोधलं. १९८०च्या दशकात जगभर विकासाच्या कामातल्या लोकांना लांबलचक प्रश्नावल्यांचा वीट आला होता. पन्नास पानांचे प्रश्न विचारायचे आणि हाती यायचं ते विचारणाऱ्यालाच ऐकायचं होतं ते. इंग्लंडमधल्या ससेक्सचे रॉबर्ट चेंबर्स हे त्यातलं मोठं नाव. पण जमिनीवरच्या नकाशाला बाळसं धरलं ते भारतात, १९८८-८९च्या सुमारास, कर्नाटकात मायराडा आणि गुजरातेत आगाखान ग्राम समर्थन कार्यक्रम या संस्थांच्या गावांत. काडी दुसऱ्याच्या हाती द्या आणि आपण गप्प बसा, हा चेंबर्स यांचा आवडता धडा. मराठीत याला लोकसहभागीय मूल्यांकन असं जडशीळ नाव पडलं. आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या समाजवैद्यक विभागानेही खेड्यांतून ही साधनं वापरली. नाव काही असो, सामान तेच: चुना, राख, चिंचोके.

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. डोळ्यांपुढे मांडलेलं सगळं भलंच करतं असं नाही. २०००च्या आसपास कमल कार यांनी बांगलादेशात अशाच नकाशावर लोकांना पिवळी भुकटी टाकायला लावली, जो जिथं परसाकडला बसतो तिथं. गाव पिवळं झालं की लोकांना किळस येते, लाज वाटते आणि ते स्वतःहून संडास बांधतात, असा हिशेब. तो खूप ठिकाणी जमलाही. महाराष्ट्रानं ही पद्धत भारतात लवकर उचलली. पण लाज हे दुधारी हत्यार. पुढे आपल्याकडे पहाटे 'गुड मॉर्निंग पथकं' निघाली, शिट्ट्या वाजवत, गुलाबाची फुलं देत. ज्याला संडास बांधायला हातभर जागा नाही त्यालाच हे फूल मिळायचं. ही तर पट्टीच झाली पुन्हा, माणसाकडे बोट दाखवणारी.

आणि काही गोष्टी दिसूच नयेत हेच बरं. आमचा वर्धा जिल्हा १९७४पासून दारूबंदीचा (हसू नका), त्यामुळे आमच्याकडे दुकानाविरुद्ध मतदानाचा प्रश्न आला नाही. पण महाराष्ट्रात इतरत्र बायकांनी 'आडवी बाटली' करून दुकानं बंद पाडली ती चिठ्ठीनं, गुप्त मतदानानं. उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं. २००८च्या सरकारी आदेशात तर अट अशी की नुसतं झालेल्या मतांतलं बहुमत नाही, एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी घाबरून घरी राहिली, तिचं मत दुकानाला! तरी हात वर करून मोजण्यापेक्षा चिठ्ठी कितीतरी बरी. हात वर केला की नवऱ्याला दिसतो.

मग नकाशाच चालतो आणि हात चालत नाही, असं का? यावर मी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचा बराच विचार केला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते गाव माहीत नाही असा आमच्याकडे विरळा. तिथं ग्रामसभेत हात मोजतच नाहीत. सर्वसहमती होईपर्यंत निर्णय नाही. पण त्याच्या जोडीला अभ्यासगट असतो, तिथं निर्णय घ्यायचा नाही, नुसतं समजून घ्यायचं. समजून घेण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्याच्यामागे अशा कित्येक वर्षांच्या बैठका आहेत. आजोळच्या देवळापुढे त्या दिवशी अभ्यासगट भरला होता, असं मला आता वाटतं. ठरवायची वेळ आली तेव्हा तो नव्हता.

कारण पुढे असं झालं. संध्याकाळी संस्थेच्या माणसांनी नकाशा कागदावर उतरवून घेतला. कागद लहान, झिरा काही त्यात मावला नाही. एक बाण काढून 'नाल्याकडे' असं लिहिलं. रात्री शेळ्यांनी पळसाची पानं खाल्ली आणि सकाळी कुणीतरी चिंचोके वेचून नेले, पोरांनीच असतील. दोन वर्षांनी हातपंप आला. चिंचोके होते त्या बाजूला नाही, वाडे ऐसपैस निघाले होते त्या बाजूला. (गावाचं नाव का नाही सांगितलं, कळलं ना?) मामी पुढची कित्येक वर्षं झिऱ्यावरच गेली.

हिवरे बाजारचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. नगर तालुक्यातलं पोपटराव पवारांचं गाव. तिथं २००४पासून दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग उरलं त्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. तिथं मांडलेलं चित्र कुणी कागदात गुंडाळून घेऊन जात नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा मांडलं जातं, गावासमोरच.

भाच्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "मामा, म्हणजे आमच्या मीटिंगमध्ये पट्ट्यांऐवजी काय दाखवायचं?" मी म्हटलं, तुमचं जे काम अडलंय ते दाखवा, आणि साहेबांना म्हणावं काडी खाली ठेवा. त्यावर तो नुसता हसला. साहेबांना कोण सांगणार!

भाऊबीज झाल्यावर आजोळी गेलो होतो. मामी आता ऐंशीच्या पुढे. ऐकू कमी येतं, पण माणसं ओळखते. तिला विचारलं, तो देवळापुढचा नकाशा आठवतो का. तिनं बराच वेळ आठवून पाहिलं.

"नकाशा-बिकाशा नाही आठवत रे बाबू मले," ती म्हणाली. "पण मी रेघ ओढत गेली ना, तं सारे माणसं पाय मांगं घेऊन सरकले होते. थे आठवते."