माणसाचे काम आणि त्याचे म्हातारपण

सुरुवात कुंभकोणमपासून करू. गणितज्ञ रामानुजन यांचे वडील इथल्या कापडाच्या दुकानात कारकून होते. त्याच गावात खड्डा-मागावर रेशीम विणणारा विणकर बसतो. जवळच्या स्वामीमलैमध्ये पंचधातूच्या मूर्ती ओतणारा आणि कानशीने घासणारा कारागीरही बरेच काम बसूनच करतो. तिघेही बसलेले, पण विणकराचे पाय पावड्या दाबत असतात, कारागिराचे दंड राबतात, कारकुनाची फक्त बोटे. साठी उलटल्यावर तिघांची शरीरे सारखी राहतील का?

प्रश्न जुना आहे. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनीने १७०० साली व्यवसायजन्य रोगांवर ग्रंथ लिहिला. शिंपी आणि चांभार यांनी निदान सुटीच्या दिवशी तरी अंग हलवावे, असे त्याने सुचवले होते.

मोजमाप मात्र १९५३ मध्ये आले. लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, कंडक्टर जिने चढत-उतरत असे. जेरी मॉरिस यांनी सुमारे ३१,००० परिवहन कर्मचाऱ्यांची नोंद तपासली. हृदयविकार कंडक्टरांत कमी, आणि झालाच तर उशिरा व सौम्य. इथे घाईने निष्कर्ष काढू नका. १९५६ मध्ये मॉरिस यांनीच गणवेशांची मापे पाहिली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरेचा घेर मोठा निघाला, कमी वयातसुद्धा. म्हणजे कामाने माणूस घडला, की मुळात तसाच माणूस त्या कामाला गेला? स्वतःच्याच शोधावर अशी शंका घेणारा संशोधक मला फार आवडतो.

आता स्नायूंकडे या. जेवणानंतर इन्सुलिनच्या इशाऱ्यावर रक्तातली साखर सर्वांत जास्त उचलतात ते हाडांना जोडलेले स्नायू. वयाबरोबर ते झिजले की साखर ठेवायची जागाच घटते. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिले. वरून दिसणारा सडपातळपणा इथे फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स एकच होता, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! २००४ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

मग मूर्तिकार सर्वांत सुखी? तसेही नाही. फुरसतीतला व्यायाम हृदयाला जपतो, पण वर्षानुवर्षांचे कष्टाचे काम तसे जपताना दिसत नाही. डेन्मार्कचे होल्टरमान यांनी या विसंगतीचा पाठपुरावा केला. धावणारा दमला की थांबतो. मजूर पाळी संपेपर्यंत थांबू शकत नाही; तासन्‌तास रक्तदाब चढलेला, तोच स्नायू, तोच सांधा, विश्रांती अपुरी. आम्ही इंजिनिअरिंगवाले धातूच्या थकव्याबद्दल शिकवतो: भार मर्यादेत असला तरी आवर्तने वाढत गेली की तडा जातो. फरक इतकाच, की धातू विश्रांतीने भरून येत नाही. स्नायू येतो, जर रजा, पुरेसे प्रथिन आणि झोप मिळाली तर. कारागिराची रोजंदारी त्यातले काय काय देते, हे आधी विचारायला हवे.