जतन आणि जीर्णोद्धार

आमच्या घराच्या आवारांत एक जीप उभी असते. तिची पहिली नोंदणी १९६६ सालीं झाली. १९७८ सालीं आमच्या तीर्थरूपांनीं ती एका सरकारी कचेरीच्या लिलावांत विकत घेतली. आणि तीन वर्षांपूर्वीं ते कैलासवासी झाल्यापासून तिच्या किल्ल्या आमच्या खिशांत आल्या आहेत. “जुन्या मोटारींचा मान राखणारा नवा नियम झाला आहे, तुम्ही तिची तशी नोंद कां करीत नाहीं?” असें एका स्नेह्यांनीं नुकतेंच विचारिलें. प्रश्न साधा होता. परंतु इतिहास शिकविण्यांत हयात गेलेल्या आमच्यासारख्या मनुष्यास त्याचें उत्तर देतांना पुष्कळ मागें जावें लागलें.

जीप हें वाहन घाईंत जन्मास आलें. १९४० च्या जुलै महिन्यांत, फ्रान्सचा पाडाव झाल्यावर, अमेरिकन लष्करानें १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाकांस गति मिळेल अशा गाडीची मागणी केली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा, अशी अट होती. ती पाळली बॅण्टम नांवाच्या लहानशा कंपनीनें. कार्ल प्रॉब्स्ट यांनीं आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी लष्कराच्या हवालीं झाली. पुढें मोठें काम मात्र विलिस व फोर्ड या बड्या कारखान्यांस मिळालें. त्यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपगाड्या केल्या. आराखडा एकच असल्यामुळें एकीचे बहुतेक भाग दुसरीस बसत, आणि दोन मोडक्या गाड्यांची एक चालती गाडी करतां येई. तेव्हां सुटे भाग बदलणें ही जीपची म्हातारपणची लाचारी नव्हे. तो तिचा जन्मजात धर्म आहे.

आपल्याकडेहि तिची कथा अशाच पालटाची आहे. १९४५ सालीं ‘महिंद्र आणि महंमद’ या नांवाची कंपनी निघाली. देशाची फाळणी झाली. भागीदार गुलाम महंमद हे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. आणि १९४८ सालीं कंपनीनें आपलें नांव बदललें. पाटी बदलली तरी काम थांबलें नाहीं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच विलिसचे भाग आणून मुंबईस माझगांव येथें जीपची जुळणी होऊं लागली. १९५३ सालीं विलिसनें नव्या इंजिनाची जीप काढली. त्या इंजिनाची एक झडप वरच्या बाजूस असल्यानें तें जुन्याहून उंच झालें, व तें मावावें म्हणून बॉनेटच वर उचलावें लागलें. अमेरिकेंत ही उंच बॉनेटची जीप १९६८ सालीं बंद झाली. भारतांत ती पुढें कित्येक वर्षें बनत राहिली. आमची गाडी त्याच वंशांतली.

वडिलांनीं तिला शोभेची वस्तु कधींच मानिलें नाहीं. पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हां १९८४ सालीं त्यांनीं मूळचें इंजिन काढून डिझेलचें बसविलें व तशी नोंदहि रीतसर करवून घेतली. टप दोनदां नवा केला. कमानींचे पाटे किती वेळां बदलले याची गणती नाहीं. दर वर्षीं पाऊस ओसरला कीं सारें कुटुंब तींत कोंबून ते भंडारदऱ्याहून रतनवाडीस, अमृतेश्वराच्या दर्शनास जात. धरणाच्या कडेची ती वाट त्या दिवसांत रस्ता या नांवास पात्र नव्हती. “पुढचीं चाकें चिखलांतच जोडावयाचीं,” ते सांगत. “कोरड्या रस्त्यावर जोडलींस तर वळणावर पुढचीं जास्त धांवतात, मागचीं कमी, आणि सारा ताण दांत्यांवर येतो.” ओढा ओलांडला कीं ते कांहीं अंतर ब्रेक हलका दाबून चालवीत, म्हणजे भिजलेले ब्रेक तापून कोरडे होत.

आतां त्या नियमाकडे वळूं. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नोंदणी ठरविली. मात्र गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे. सांगाडा, टप अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि प्रदर्शन, शर्यत-मेळावा, दुरुस्ती अशा कारणांवांचून ती नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणूं नये. नियम वाजवी आहे, आणि तो वाचून आम्हांस वाईटहि वाटलें. मूळचें इंजिन वडिलांनीं भंगारांत वजनावर विकलें, याची इतिहासाचा अभ्यासक म्हणून आम्हांस आजहि खंत आहे. परंतु गाडी पुन्हां मूळची करावयाची तर चाळीस वर्षांपूर्वीं त्यांनीं बसविलेलें इंजिन काढावें लागेल. म्हणजे १९६६ सालची जीप मिळावी म्हणून वडिलांची जीप मोडावी लागेल.

येथें आम्हांस वेरूळ आठवतें. तेथें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं कोरलेलें कैलास लेणें आहे. त्याच्या दगडास कोणी धक्का लावीत नाहीं, आणि तेथें नित्यपूजाहि होत नाहीं. जवळच घृष्णेश्वर आहे. त्याचा जीर्णोद्धार सोळाव्या शतकांत मालोजीराजे भोसले यांनीं व अठराव्या शतकांत अहल्याबाई होळकर यांनीं केला. मूळचा दगड किती उरला हें न विचारतां भाविक तेथें रोज अभिषेक करितात. एकाचें जतन झालें, दुसऱ्याचा जीर्णोद्धार. देशास दोहोंची गरज आहे, आणि मूळ रूपांतील जीपगाड्या कोणीतरी सांभाळल्याच पाहिजेत. पण प्रत्येक जुनी वस्तु आपण यांपैकीं कोणत्या मार्गाची, हें स्वतःच्या इतिहासानें ठरवीत असते. आणि आमच्या जीपचा मार्ग वडिलांनीं १९८४ सालींच ठरवून ठेविला होता.

म्हणून आम्हीं यंदा तिची तपासणी करवून आणखी पांच वर्षांची साधीच नोंदणी घेतली, आणि पाऊस ओसरतांच रतनवाडीस गेलों. गाडी चिरंजीवांच्या हातीं होती. एका ओढ्यांतून ती वर आली, आणि त्यानें कांहीं अंतर ब्रेक हलका दाबून धरला. आम्हीं त्यास हें कधीं शिकविलें नव्हतें.

मागचे पाटे पुढच्या खेपेपूर्वीं बदलावे लागतील, असें मिस्त्रींनीं सांगितलें आहे.